१७,८०० हातात, जळगावात खोली, बचत शून्य. नेमकं कुठे कापायचं?

अमळनेरकर_२३

रामराम मंडळी. वय २३, जळगाव एमआयडीसीत नोकरी. दर महिन्याच्या ७ तारखेला हातात १७,८०० येतात. खर्च असा: खोलीभाडं ३,०००, लाईट ५०० (मालक सबमीटरवर १२ रुपये युनिटने घेतात), खानावळ दोन वेळ २,८००, नाश्ता, चहा आणि संध्याकाळचं चटरमटर मिळून १,८००, पेट्रोल १,५००, मोबाइलचा हप्ता १,७५० (अजून सात बाकी), रिचार्ज ३००, घरी ४,०००, आणि कपडे, कटिंग, औषध, मित्र वगैरे १,२००. बेरीज १६,८५०. म्हणजे ९५० उरायला हवेत. पण २५ तारखेनंतर खात्यात शंभर-दीडशेच दिसतात.

कंपनी खोलीपासून पाच किलोमीटर. दर रविवारी बाइकने घरी जातो, गाव अमळनेरला लागूनच आहे.

विचारायचं ते असं. खानावळ सोडून हाताने करून खावं का? उन्हाळ्यात कूलर घेतला तर लाईट बिल किती वाढेल? आणि जे काही वाचेल ते ठेवायचं कुठे? घरचे म्हणतात पतसंस्थेत टाक, साडेनऊ टक्के देतात. मित्र २० जणांच्या २,००० च्या भिशीत ओढताहेत. मावशी म्हणते सराफाकडे महिन्याला पैसे भर, सोनं होईल. अडीअडचणीसाठी ५०,००० बाजूला असावेत एवढीच इच्छा आहे.

हिशेबनीस

आपल्याकडे म्हणतातच, पैसा कथा जास ते पहिले देखा (पैसा कुठे जातो ते आधी बघा). तुमच्या ९५० चं निम्मं उत्तर कॅलेंडरमध्येच आहे. रिचार्ज २८ दिवसांचा असेल तर वर्षात १२ नाही, १३ करावे लागतात. खानावळवाले ३० दिवस धरतात की २८, तेही विचारून घ्या. तिसरी गळती एटीएमची. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर महिन्याला पाच व्यवहार फुकट असतात (महानगरांत तीन), आणि त्यात नुसतं बॅलन्स बघणंसुद्धा मोजलं जातं. पुढच्या प्रत्येक व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत कापतात, वर जीएसटी. पासबुक भरून आणा आणि तीन महिन्यांच्या अशा नोंदींवर पेनाने गोल करा.

आता ५०,००० कडे. तुमचा महिन्याचा खर्च १६,८५० आहे, म्हणजे ५०,००० हा जवळपास तीन महिन्यांचा खर्च झाला. आकडा योग्य आहे, पण एका वर्षात तो होणार नाही हे आधीच मान्य करा. आज ९५० शिल्लक, नाश्ता-चटरमटरमधून ८००, एटीएम आणि लाईटमधून अडीचशे, असे २,००० निघतात. सात महिने २,००० म्हणजे १४,०००. मोबाइलचा हप्ता संपला की त्याच तारखेपासून ते १,७५० सुद्धा इकडे वळवायचे. पुढचे पाच महिने ३,७५० म्हणजे १८,७५०. वर्षाअखेर ३२,७५०. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस आहे, पूर्ण वर्ष भरलं तर साधारण ७,००० च्या खाली जात नाही. तो दिवाळीत नवा मोबाइल न होता इकडे आला तर ३९,७५०. उरलेले तीन महिन्यांत होतात. म्हणजे पंधरा महिने.

हप्ता संपल्यावरचा महिना सगळ्यात धोक्याचा. १,७५० मोकळे झाले की हात आपोआप सैल होतो आणि दोन महिन्यांत दुसरा हप्ता चालू झालेला असतो. म्हणून शेवटचा हप्ता कापला जाईल त्याच आठवड्यात दुसरी आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव, पहिलीचं खाली सांगतो) उघडा.

पैसे बाजूला काढायची पद्धत अशी. पगाराच्याच बँकेत १२ महिन्यांची आरडी उघडा आणि कापायची तारीख १० ठेवा. ८ नको. ७ ला रविवार किंवा सुट्टी आली, पगार एक दिवस लांबला, की हप्ता चुकतो. पोस्टाची आरडी या कामाला घेऊ नका. ६.७ टक्के व्याज आहे, १०० रुपयांपासून भरता येते, सगळं खरं. पण ती पाच वर्षांची असते आणि मुदतीआधी मोडायची तर तीन वर्षं थांबावं लागतं, वर व्याज बचत खात्याचं मिळतं. वर्षभर भरल्यावर निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, पण अडीअडचणीच्या पैशाला अर्ज करावा लागला तर तो कसला अडीअडचणीचा. बँकेची आरडी मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं, मुद्दल हातात पडतं.

रोजच्या किरकोळ खर्चाला यूपीआय लाइट (यूपीआय ॲपमधलंच छोट्या रकमांचं पाकीट) वापरा. दर सोमवारी ७०० भरायचे, चहा, नाश्ता, पंक्चर सगळं त्यातून. संपले की पुढच्या सोमवारपर्यंत संपले. मुख्य खात्याला हात लागत नाही आणि पासबुकात दहा-दहा रुपयांच्या शंभर ओळीही येत नाहीत. आपोआप भरण्याची सोय मात्र बंद ठेवा, नाहीतर सगळा उपयोगच गेला.

एक विचारायचं राहिलं. पगारपत्रकात बेसिक किती आहे आणि पीएफ, ईएसआय (कामगार विमा) कापतात का?

दादरची_भाकरी

खानावळीचं उत्तर बरेच जण डोळे झाकून "घरी कर, स्वस्त पडतं" असं देतात. एकट्यासाठी ते खरं नाही. आकडे मांडू.

रात्रीचं जेवण हाताने, महिन्याचे २६ दिवस. रोज दोन भाकरी, एक भाजी किंवा डाळ, थोडा भात. कळण्याचं पीठ ४ किलो: दादर (रब्बी ज्वारी) ३ किलो २०० ग्रॅम ४५ ने १४४, अख्खे काळे उडीद ८०० ग्रॅम ११० ने ८८, दळण २४. तांदूळ दीड किलो ७५. डाळ, बेसन, मटकी मिळून दीड किलो १६५. तेल रोज २० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या थोडं वर, ८०. भाजी रोज २० ची, ५२०. कांदा, लसूण, मिरची, शेंगदाणे, काळा मसाला २००. इंडक्शनवर रोज पाऊण युनिटच्या आत, तुमच्या १२ च्या दराने २१८. एकूण १,५१४. खानावळ एका वेळेला १,४०० पडते. फायदा कुठे आहे? वर इंडक्शन, सपाट बुडाचा तीन लिटरचा कुकर, तवा, परात, डबे मिळून चार-साडेचार हजार आधी घालायचे.

खोलीत दुसरा जोडीदार असेल तर चित्र बदलतं. एक जुडी भाजी दोघांत संपते, कुकर एकदाच लागतो, माणशी साडेबाराशेच्या आत बसतं. एकट्याची अर्धी मेथी दुसऱ्या दिवशी पिवळी पडते, आणि खरा तोटा तिथेच आहे.

त्यामुळे खानावळ राहू द्या आणि नाश्ता-चहाचा १,८०० वाला खर्च फोडा. बाहेर पोह्यांची प्लेट २५ ला. घरी: पोहे ८० ग्रॅम ५ रुपये, शेंगदाणे १५ ग्रॅम २, तेल १० मिली दीड रुपया, कांदा-मिरची २. साडेदहा रुपये. २६ दिवसांचे पावणेचारशे तिथेच वाचले. चहात मात्र फार काही हाती लागत नाही. दूध-साखर धरून घरचा कप सहाला पडतो, टपरीचा दहाला. तिथे कप कमी करणं हाच उपाय. संध्याकाळच्या कचोरी-समोशाऐवजी केळी घ्या. केळीच्या जिल्ह्यात राहून चार वाजता कचोरी खाणं मला तरी समजत नाही. डझन घेताना चार पिकलेली, आठ हिरवट असं निवडून घ्या, आणि उन्हाळ्यात घड पिशवीत न ठेवता टांगून ठेवा. पिशवीत दोन दिवसांत काळी पडतात.

खानावळीत खाड्याचा नियम आधी पक्का करा. तुम्ही दर रविवारी गावी असता, म्हणजे महिन्यात आठ जेवणं होत नाहीत. २,८०० भागिले ६० म्हणजे जेवण ४७ ला. आठ जेवणांचे ३७५ होतात. बऱ्याच ठिकाणी सलग तीन दिवसांचा खाडा असेल तरच पैसे वजा करतात. तसं असेल तर "रविवार सोडून" असा दर ठरवून मागा, कॉलेजच्या पोरांना देतातच.

पुढे जोडीदार मिळाला आणि हाताने करायचं ठरलं, तर धान्य गावाहून आणा. पण वर्षाचं भरू नका. घरी कोठी असते, ऊन दाखवायला अंगण असतं, लक्ष ठेवायला माणूस असतो. दहा बाय दहाच्या खोलीत जुलै लागला की दादरला सोंडे आणि पिठाला जाळी धरते. तीन महिन्यांचं आणा, दोघांना २५ किलो. एप्रिलच्या कडक उन्हात दोन दिवस वाळवून, पूर्ण गार झाल्यावर पत्र्याच्या डब्यात भरा. गरम भरलं तर आत वाफ धरते आणि तिथूनच कीड सुरू होते. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. ओला पाला नको, तो स्वतःच बुरशी आणतो.

कळण्याचं प्रमाण: एक किलो दादरला पाव किलो अख्खे उडीद, सालासकट, आणि दळतानाच थोडं खडे मीठ. एका वेळी दोन किलोच दळा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेने फाटते आणि चवीला कडवट लागते. उडदामुळे चिकटपणा येतो म्हणून कळण्याची भाकरी नवशिक्याला त्यातल्या त्यात जमते. पाणी कडकडीत उकळतं घ्या, कोमट नाही. ज्वारीत गव्हासारखी लवचिकता नसते, उकळत्या पाण्यानेच पीठ धरून येतं.

मे-जूनमध्ये भाज्या महागतात तेव्हा बेसनावर निभावा. १०० ग्रॅम बेसनात एका माणसाचं पिठलं किंवा पातोडीचा रस्सा होतो, खर्च दहा-बारा रुपये. घरून येताना बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, वर्षाचं तिखट आणि काळा मसाला आणलात तर दुकानातलं निम्मं सामान कमी होतं. शेंगदाणे मात्र अर्ध्या किलोपेक्षा जास्त घेऊ नका. आपल्या उन्हाळ्यात बंद खोलीत ते महिन्यात खवट होतात.

भुसावळ_शटल

तुमचं पेट्रोल मोजलं. १०५ चा भाव धरला तर १,५०० मध्ये १४ लिटर येतं, ५० च्या ॲव्हरेजने साधारण ७०० किलोमीटर. कंपनीचं जाणं-येणं रोज १० प्रमाणे २६ दिवसांचं २६०. अमळनेर जाऊन-येऊन ११२ धरा, चार रविवारांचे ४४८. बेरीज ७०८. म्हणजे तुमच्या पेट्रोलचे दोन तृतीयांश पैसे रविवारी जळतात.

अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर आहे, स्टेशन दारात आहे. जनरलचं तिकीट बाइकच्या पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसतं, पॅसेंजर मिळाली तर आणखी कमी. महिन्याला सहाशे सहज सुटतात, वर टायर, चेन आणि कंबर वाचते ती वेगळी.

रोज अप-डाउन करून खोलीच सोडायचा विचार मनात असेल तर तीन गोष्टी बघा. रेल्वेचा मासिक पास स्वस्त आहेच. तीन महिन्यांचा घेतला तर पैसे पावणेतीन पटीच्याही आतच, २.७ पट लागतात. पण तो आरक्षित डब्यात चालत नाही आणि सुपरफास्टला अधिभार भरावा लागतो. नुसत्या पासावर चढलात तर दंड. दुसरं, स्टेशनपासून एमआयडीसी लांब आहे. रिक्षाला रोज ५० गेले की महिन्याचे १,३०० झाले. त्यापेक्षा जुनी सायकल घेऊन स्टेशनच्या स्टँडवर ठेवणं परवडतं. तिसरं आणि मुख्य, शिफ्ट. दुसऱ्या पाळीनंतर रात्री परतायला गाडी नसेल, किंवा सकाळची गाडी आठवड्यातून दोनदा लेट होऊन हजेरी कापली जात असेल, तर पासाचा सगळा फायदा तिथेच गेला. जनरल शिफ्ट असेल तरच हा विचार करा.

एसटीने जायचं झालं तर मासिक पासाला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास, त्रैमासिकाला ५० दिवसांचं भरून ९० दिवस. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला मात्र कुठलाच पास परवडत नाही, सुटं तिकीटच काढा. घरातल्या बायाबापड्यांना एसटीत तिकीट निम्मं आहे (मार्च २०२३ पासून), तेव्हा जळगावच्या दवाखान्यात आणायचं असेल तर बाइकवर डबलसीट उन्हातून आणू नका.

शून्य_युनिट

कूलरचं गणित. मधल्या आकाराचा, ४०-५० लिटर टाकीचा कूलर पंपासकट १८० वॅट धरा. रात्री दहा तास चालला तर १.८ युनिट, १२ च्या दराने साडेएकवीस रुपये, महिन्याचे ६५०. मार्चच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत लागेल, म्हणजे हंगामाचे साधारण १,६०० नुसते विजेचे.

तेवढे घालूनही बरेच जण घामाघूमच झोपतात, कारण कूलर खोलीच्या आत ठेवतात. तो हवा गार करतो ती पाणी उडवून. त्याला मागून बाहेरची कोरडी हवा हवी आणि समोरून ओली हवा बाहेर जायला वाट हवी. दारं-खिडक्या बंद करून चालवला की तासाभरात तीच दमट हवा फिरते, अंग चिकचिकतं. खिडकीला बाहेरून लावा आणि समोरचा दरवाजा चार बोटं उघडा ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून कूलर चांगला चालतो. जूनच्या शेवटी तोच निरुपयोगी होतो, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

बोअरचं पाणी जड असेल तर गवताच्या पॅडवर पांढरा थर चढतो आणि हवाच येत नाही. पॅड दर हंगामाला बदला, टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून पुसा. डेंग्यूचे डास याच पाण्यात होतात. टाकी कोरडी पडूनही पंप चालू राहिला तर तो जळतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा झोपण्याआधी पातळी बघण्याची सवय लावा.

पैशापेक्षा मोठी गोष्ट: पत्र्याचा कूलर दोन पिनच्या वायरवर कधीही चालवू नका. तीन पिन आणि भिंतीतल्या सॉकेटला खरोखरचं अर्थिंग, दोन्ही हवं. पाणी भरताना प्लग काढूनच भरा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात आणि बहुतेक वेळा कारण हेच असतं.

कूलरआधी स्वस्तातला उपाय करून बघा. खोली वरच्या मजल्याची असेल तर मालकांना विचारून स्लॅबला चुना मारा. दहा बाय दहाला तीन किलो चुना, दोन हात. रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, थोडा डिंक घालून मारायचा. कळीचा चुना भिजवताना उकळतो आणि उडतो, तोंड लांब ठेवा. दोनशे रुपयांत काम होतं आणि पहिल्या पावसापर्यंत टिकतं.

साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला १४ तास धरले तर महिन्याला १९ युनिट, तुमच्या दराने सव्वादोनशे वाचतात. पंखा साधारण वर्षभरात पैसे वसूल करतो. खोली सोडताना जुना टांगून नवा सोबत न्यायचा, हे मालकांशी आधीच बोलून ठेवा. जुना रेग्युलेटर मधे ठेवून चालवलात तर पंखा गुणगुणतो आणि आतलं सर्किट जाण्याची भीती असते. तो काढून थेट जोडा.

१२ रुपये युनिट ही दरवेळी लूट नसते. सगळं घर एकाच मीटरवर असलं की मालकांचं बिल १०० आणि ३०० युनिटांच्या वरच्या टप्प्यात जातं आणि तिथला दर बराच चढा असतो. मात्र दर महिन्याच्या एकाच तारखेला सबमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. वाद दराचा कमी आणि "मागचा आकडा कोणता होता" याचाच जास्त होतो.

पावती_जपून

ठेवण्याच्या जागांबद्दल. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाचं संरक्षण माणशी, बँकेमागे ५ लाखांपर्यंत आहे, व्याज धरून. त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्था येत नाही. पाटीवर "सहकारी" असलं तरी बँक आणि पतसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींसाठी लोकांनी किती चकरा मारल्या, हे घरच्यांनाच विचारा. बँकेपेक्षा दोन-अडीच टक्के जास्त म्हणजे २०,००० वर वर्षाला पाचशे रुपये. तेवढ्यासाठी अडीअडचणीचा पैसा तिथे ठेवू नये.

भिशी: २० जण, २,०००, म्हणजे ४०,००० ची उचल. चिठ्ठीची असेल तर कुणालाच व्याज नाही. पहिल्या महिन्यात उचलणारा बिनव्याजी कर्ज घेतो आणि विसाव्या महिन्यातला ते देतो. बोलीची असेल तर गरजू माणूस ८,००० सोडून ३२,००० उचलतो, ते ८,००० वीस जणांत वाटले जाऊन तुम्हाला ४०० मिळतात. कागदावर शेवटपर्यंत थांबणारा फायद्यात. प्रत्यक्षात भिशी फुटते ती बाराव्या-तेराव्या महिन्यात, कारण तोवर बहुतेकांची उचल झालेली असते आणि भरायची ओढ संपलेली असते. अडकतो तो थांबलेलाच. भाऊबंदकीत आणि मित्रांत पैसे मागायला तोंड उघडत नाही, लिहिलेलं काही नसतं. मैत्रीखातर जायचंच असेल तर ५०० ची धरा आणि ते पैसे बचतीत मोजू नका.

सराफाची योजना: ११ महिने २,००० भरा, बारावा हप्ता त्यांचा, २४,००० चा दागिना. ऐकायला गोड आहे. आता मजुरी १२ टक्के आणि वर ३ टक्के जीएसटी धरा. २४,००० मध्ये सोनं बसतं २०,८०० चं. तुम्ही भरले २२,०००. म्हणजे सराफाचा फुकटचा हप्ता धरूनही दुकानातून बाहेर पडताना बाराशेने मागे, आणि मोडायला गेलात तर घट वेगळी. मजुरी पूर्ण माफ असेल तर हिशेब पालटतो, पण ते कार्डावर छापलेलं हवं, तोंडी नको. या योजना ११ महिन्यांच्याच का, तर वर्षावर पैसे ठेवले की ते कायद्याने ठेव ठरतात. आणि या पैशालाही विमा नाही.

घरात लग्न आहे, दागिना घ्यायचाच आहे, तर योजना ठीक. जळगावच्या सोन्याचं नाव आहेच. फक्त दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) बघा आणि पावतीत वजन, मजुरी, जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. पण तुमची गरज ५०,००० रोख हाताशी असण्याची आहे. रात्री अकराला दवाखान्यात अंगठी चालत नाही.

बँकेत आणखी दोन अर्ज भरा: अपघात विमा वर्षाला २० रुपये आणि जीवन विमा ४३६ रुपये, दोन्ही पंतप्रधान योजनांतले, प्रत्येकी २ लाखांचे. पैसे मेअखेरीला आपोआप कापले जातात, त्या आठवड्यात खात्यात ५०० राहू द्या. खातं रिकामं असलं की विमा गुपचूप बंद पडतो.

अमळनेरकर_२३

सगळ्यांचे आभार. पेट्रोलचा हिशेब वाचून डोकंच धरलं. हिशेबनीस भाऊ, पगारपत्रकात बेसिक ११,२००, एकूण १९,४९०. पीएफ १,३४४, ईएसआय १४७, व्यवसाय कर २०० कापतात. दादरची_भाकरी, खोलीत मावसभाऊ येतोय पुढच्या महिन्यात, म्हणजे इंडक्शन घ्यावं लागेलसं दिसतंय. त्यावर कळण्याची भाकरी फुगते का? आणि भरीत?

हिशेबनीस

मग तुमची बचत शून्य नाही. तुमचे १,३४४ आणि कंपनीचेही तेवढेच. कंपनीच्या वाट्यातले ९३३ पेन्शनकडे जातात, ४११ पीएफमध्ये. म्हणजे महिन्याला १,७५५, वर्षाला २१,०६० पीएफ खात्यात पडताहेत, आणि २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं. उमंग ॲपवर पासबुक उघडून दर महिन्याची नोंद आहे का तपासा. कापलेले पण न भरलेले पैसे असतील तर ते तिथेच दिसतात. नोकरी बदलली तर काढू नका, त्याच यूएएनवर (तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकावर) वर्ग करा. पाच वर्षांच्या आत काढले तर करही लागू शकतो.

ईएसआयचं ई-पहचान कार्ड काढून घ्या, आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांची नावं टाका. एवढं असताना सध्या वेगळा आरोग्य विमा घ्यायची घाई नको, तो पगार २१,००० च्या वर गेला की बघू. मावसभाऊ आला म्हणजे भाडंही निम्मं, ते १,५०० थेट आरडीत. पंधरा महिन्यांचे अकरा होतील.

दादरची_भाकरी

भाकरी फुगते, पण चुलीसारखी टम्म नाही. लोखंडी तवा घ्या, बूड एकदम सपाट. मधे जरा जरी खोलगट असला तरी इंडक्शन कडेला तापत नाही आणि भाकरी कच्ची राहते. एक बाजू पाणी लावून, उलटून दुसरी पूर्ण शेकायची, मग परत पलटून सुती फडक्याने कडेने दाबत फिरवायची. वाफ आत धरली की उचलते. १,००० वॅटच्या वर नेऊ नका, तवा मधोमध लाल होऊन डाग पडतात.

भरीत इंडक्शनवर नाही हो, भो. वांगं काड्यांच्या जाळावरच भाजायचं. थंडीत जळगावात तयार भरीत किलोवर मिळतं, दोघांना अर्धा किलो घ्या, भाकरी घरची. इंडक्शनवर वांगं उकडून त्याला भरीत म्हणालात तर मावसभाऊ खोली सोडून जाईल, आणि भाडं पुन्हा ३,००० वर येईल.